म वरून प वर: बासरीवरचं पहिलं सप्तक

बासरीतून एकदा स्वच्छ आवाज निघू लागला की सा, रे, ग हे तीन स्वर फारसे अडवत नाहीत. एकेक बोट उचलायचं, स्वर चढत जातो. घोडं अडतं ते पुढे, म आणि प यांच्यामध्ये. म ला जवळजवळ सगळी बोटं वर असतात, प ला सगळी खाली. म साध्या फुंकेवर बोलतो, प साठी तीच फुंक बारीक आणि वेगवान करावी लागते. म्हणजे हात आणि ओठ दोघांनाही एकाच क्षणी काम बदलायचं असतं. नवशिक्यांचं सप्तक तुटतं ते इथेच. मग बहुतेक जण पुन्हा सा पासून सुरुवात करतात, सारेगम आणखी घोटतात, आणि प जिथल्या तिथे राहतो.

माझं सांगणं असं की सप्तक सा पासून वरच्या, म्हणजे तार सा पर्यंत ओळीने शिकूच नये. हा सांधा आधी ओळखावा, त्याच्या दोन्ही बाजू वेगवेगळ्या पक्क्या कराव्यात आणि रोजच्या रियाझाचा मोठा वाटा त्यालाच द्यावा.

खालचं सगळं सहा छिद्रांच्या हिंदुस्थानी बासरीसाठी आहे आणि बिलावल थाटाच्या, म्हणजे सगळ्या शुद्ध स्वरांच्या सप्तकासाठी. कर्नाटक पद्धतीच्या बासरीला आठ छिद्रं असतात आणि तिच्यावर वरची दोन छिद्रं झाकून सा लावतात, आपल्याकडे तीन. यूट्यूबवर दोन्ही पद्धतींचे धडे शेजारी शेजारी येतात. एखाद्या धड्याशी आपली बोटं अजिबात जुळत नसली तर आधी हे तपासा, बासरीला दोष देऊ नका.

बासरी घेताना

आपल्याकडे गोव्यात जत्रेत खाज्याच्या दुकानाशेजारी रंगीत पट्ट्या मारलेल्या बासऱ्या मिळतात. त्यांच्यावर सप्तक शिकता येत नाही, आणि याचं कारण डोळ्यांना दिसतं. छिद्रं सारख्या आकाराची आणि सारख्या अंतरावर पाडलेली असतात. सप्तकातली अंतरं मात्र सारखी नसतात. तोंडाच्या बाजूने मोजलं तर शेवटचं, सहावं छिद्र उघडलं की प चा ध होतो, पाचवं उघडलं की नी, या दोन्ही पूर्ण स्वराच्या उड्या आहेत. चौथं उघडल्यावर नी वरून सा येतो, ही उडी अर्ध्याच स्वराची. म्हणून चांगल्या बासरीत चौथं छिद्र पाचव्याच्या जवळ सरकवावं लागतं किंवा आकाराने लहान ठेवावं लागतं. सहाही छिद्रं आखणीने मारल्यासारखी दिसली तर ती बासरी शोभेची समजावी.

पट्टी, म्हणजे बासरीचा सा हार्मोनियमच्या ज्या पट्टीशी जुळतो ती, कुठली? मोठ्या माणसाने पांढरी पाचची घ्यावी. लांबी साधारण २५ इंच, बोटं ताणावी लागतात पण आवाक्यात राहतात, आणि आवाज कानाला टोचत नाही. लहान मुलांना किंवा ज्यांचे हात छोटे आहेत त्यांना पांढरी एकची मध्यम बासरी, सुमारे १९ इंचांची. मैफलीत ऐकू येणारी पांढरी तीनची बासरी ३० इंचांच्या आसपास असते. एवढी लांब बासरी रागसंगीतासाठी रूढ केली ती पन्नालाल घोष (१९११ ते १९६०) यांनी, आणि तिला सातवं छिद्रही त्यांनीच जोडलं. ऐकायला ती फार गोड असली तरी शिकायला ती घेऊ नये. अनामिका छिद्रापर्यंत पोचेना की माणूस मनगट वाकडं करतो, आणि लागलेली ही सवय पुढे सुटता सुटत नाही.

दुकानात वाजवता येत नसेल तर वाजवणारं कुणी सोबत न्या. त्याला तीनच गोष्टी करून पाहायला सांगा. सगळी छिद्रं झाकून मंद्र, म्हणजे खालच्या सप्तकातला प हलक्या फुंकेवर लागतो का? मध्य सा आणि तार सा यांची बोटं एकच असतात, ते दोन्ही ट्यूनरवर जुळतात का? आणि फुंकेच्या छिद्राची पलीकडची कड गुळगुळीत आहे का? सा आणि तार सा जुळत नसतील तर बहुधा आतलं बूच सरकलेलं असतं. ते फुंकेच्या छिद्राच्या मध्यापासून साधारण नळीच्या आतल्या व्यासाइतकं लांब असतं. ते घरी ढकलत बसू नका, बासरी करणाऱ्याकडूनच बसवून घ्या.

फुंक

पहिल्या दिवशी एकही छिद्र झाकू नका. डाव्या हाताने बासरी धरा, फुंकेच्या छिद्राची अलीकडची कड खालच्या ओठाच्या लाल भागाच्या काठावर टेकवा आणि ओठाने छिद्राचा पाव ते एक तृतीयांश भाग झाकू द्या. ओठ हसल्यासारखे ताणायचे नाहीत, चंबू करून पुढेही काढायचे नाहीत. मधोमध तांदळाच्या दाण्याएवढी फट ठेवायची आणि हवा समोरच्या कडेवर सोडायची. आवाज छिद्रात हवा भरल्याने येत नाही. हवेची पातळ पट्टी त्या कडेवर आपटून आत-बाहेर दुभंगते, तेव्हा नळीतली हवा थरथरते. म्हणून फुंकेचा जोर वाढवण्याआधी दिशा शोधायची. बासरी बोटांवर जरा आत, जरा बाहेर गोल फिरवत राहा. एका जागी फुसफुस कमी होऊन आवाज अचानक भरतो. ती जागा आरशात पाहून ठेवा.

गाल फुगवू नका. चक्कर आली तर थांबा, लागोपाठ खोल श्वास सोडल्यावर ती येतेच. आवाज स्थिर झाला की पहिलं छिद्र झाका, मग पहिलं आणि दुसरं, मग तिन्ही. तिन्ही झाकल्यावर जो येतो तो तुमचा सा.

आपल्या घरांत एक अडचण हमखास येते ती पंख्याची. छताचा पंखा डोक्यावर असला किंवा बाल्कांवात, म्हणजे दारापुढच्या ओसरीत बसल्यावर समोरून वारा येत असला की ओठांपुढची ती हवेची पट्टी वाऱ्याने हलते आणि आवाज मधूनच विरतो. शिकणारा आपल्या ओठांना दोष देत बसतो. वाऱ्याकडे पाठ करा किंवा पंख्याखालून बाजूला सरका, आणि मग ठरवा.

जेवल्याजेवल्या वाजवू नका. पोट भरलेलं असताना पोटाचा श्वास घेता येत नाही, आणि हुमणाचा, म्हणजे माशांच्या आमटीचा अंश तोंडात राहिला तर तो फुंकेच्या छिद्राशी जाऊन बसतो. चूळ भरून बसण्याची सवय बासरीचं आयुष्य वाढवते.

बोटं

छिद्रं तोंडाच्या बाजूने मोजूया, १ ते ६. डाव्या हाताची तर्जनी, मध्यमा, अनामिका १, २, ३ वर. उजव्या हाताची तीच तीन बोटं ४, ५, ६ वर. डावा अंगठा खालून १ आणि २ च्या मध्ये, उजवा अंगठा ४ आणि ५ च्या खाली. उजवी करंगळी सहाव्या छिद्राच्या पुढे नळीवर टेकलेली. डावखुऱ्यांनी बासरी डावीकडे धरून हात उलटे लावले तरी काही बिघडत नाही, तिची रचना दोन्ही बाजूंना सारखीच असते.

सा: १, २, ३ बंद
रे: १, २ बंद
ग: फक्त १ बंद
म: १ अर्धं बंद, बाकी सगळी उघडी
प: सहाही बंद, फुंक वरच्या सप्तकाची
ध: १ ते ५ बंद
नी: १ ते ४ बंद
तार सा: पुन्हा १, २, ३ बंद, फुंक आणखी बारीक

प, ध, नी हेच तीन स्वर साध्या फुंकेवर वाजवले की मंद्र सप्तकातले येतात. आणि पहिलं छिद्र पूर्ण उघडलं की तीव्र म, म्हणजे अर्धा स्वर चढा म लागतो.

छिद्रं बोटांच्या टोकांनी झाकू नका, पेरांच्या मऊ गादीने झाका. बोटं सपाट, कमीत कमी वाकलेली. छिद्र नीट झाकलं जातं का हे पाहायची सोपी रीत आहे. सहाही बोटं अर्धा मिनिट ठेवा आणि उचलून पेरांकडे पाहा. प्रत्येक पेरावर पूर्ण गोल वळ उठायला हवा. ज्या बोटावर वळ अर्धाच आहे तिथून हवा निसटते आहे. बहुतेक वेळा ते बोट उजवी अनामिका असतं. मग जोराने दाबायचं नाही, बोट दोन-तीन मिलिमीटर पुढे किंवा मागे सरकवायचं. दाबल्याने बोट ताठतं आणि उचलायला उशीर होतो.

आणखी एक. सा रे ग वाजवताना उजव्या हाताला काम नसतं, म्हणून ती बोटं हवेत वर, कधीकधी दोन-तीन इंच लांब जाऊन राहतात. सारेग पुरतं काही बिघडत नाही. पण प ला त्यांना तेवढंच अंतर कापून खाली यावं लागतं. पहिल्या दिवसापासून ही बोटं आपापल्या छिद्रावर सेंटीमीटरभरच वर ठेवा. म–प ची निम्मी तयारी इथेच होते.

आधी खालचा अर्धा भाग

सा पक्का झाला की वर जाऊ नका, खाली या. सा लावा, चौथं बोट ठेवा, मंद्र नी. पाचवं ठेवा, मंद्र ध. सहावं ठेवा, मंद्र प. एकेक बोट वाढतं, फुंक तीच राहते, उलट थोडी सैल होते. खाली जाताना आवाज फुटून शिट्टी वाजली तर कारण दोनांपैकी एक असतं. वरच्या तीन बोटांपैकी एखादं किंचित सरकलेलं असेल, नाहीतर फुंक जास्त असेल. आधी वरची बोटं पाहा. खालचं बोट ठेवताना नळी हलते आणि वरचं बोट सुटतं, असं फार होतं.

सा नी ध प, प ध नी सा असं सावकाश, प्रत्येक स्वर चार मात्रा. मात्रा मोजायला ६० ची लय पुरे, सेकंदाला एक. मंद्र प दहा सेकंद न थरथरता टिकू लागला की पुढची पायरी.

मंद्रापासून सुरुवात करायचं कारण असं की मध्य सप्तकातल्या प ध नी ची बोटं हीच आहेत. इथे ती शांतपणे, फुंकेची झटापट न करता हाताला लागतात. सरळ वर चढणारा माणूस प ला पहिल्यांदा भेटतो तेव्हा त्याला बोटं आणि फुंक दोन्ही एकदम नवीन असतात.

आता बोटं न हलवता तोच प वर न्यायचा. मंद्र प लावा, आठ मात्रा धरा. मग ओठांची फट लहान करा आणि ओठ अगदी किंचित पुढे, समोरच्या कडेजवळ न्या. हवा कमी जाते पण वेगाने जाते, आणि प एका सप्तकाने वर उडी घेतो. आठ मात्रा धरून परत खाली या. इथे सगळे जण एकच चूक करतात, जोराने फुंकतात. जोराने फुंकलं तरी स्वर वर जातो, पण तो चढा आणि कर्कश लागतो आणि दोन मिनिटांत दम लागतो. हवा आणि आवाज न वाढवता उडी घेता आली पाहिजे. हात तोंडापुढे धरून तपासता येतं. बासरीशिवाय दोन्ही फुंका तळहातावर मारा, वरच्या प ची फुंक लहानशा जागेवर आणि थंड लागली पाहिजे.

खालून वर सरकवता येऊ लागलं की वरचा प थेट लावायचा. जिभेने हलकेच ‘तू’ म्हणत सुरुवात करा. आधी मंद्र प चा पुसटसा आवाजही ऐकू येता कामा नये. हे सलग दहा वेळा जमेपर्यंत पुढे जाऊ नका. मग त्याच फुंकेवर मध्य प, ध, नी, तार सा. वर जाताना फट जराजरा लहान होत जाते.

म

म ला पहिलं छिद्र अर्धं उघडायचं असतं. पुस्तकात ‘अर्धं’ लिहिलेलं असतं, पण हे अर्धं प्रत्येक बासरीवर थोडं वेगळं पडतं, त्यामुळे डोळ्यांनी ठरवता येत नाही. बोट उचलायचंही नाही. तर्जनीची गादी जागेवर ठेवून बोट किंचित कलतं करायचं, म्हणजे छिद्राचा एक काठ उघडा पडतो. बोट पूर्ण उचलून अर्ध्यावर आणून ठेवण्याची सवय लागली तर दर वेळी म वेगळ्या ठिकाणी पडतो.

कानाने ठरवायचा तर तानपुऱ्याची मदत घ्या. तानपुऱ्याच्या अ‍ॅपमध्ये पहिली तार प ऐवजी म वर ठेवता येते. तशी लावा, सा धरा, मग म. म बरोबर लागला की तानपुऱ्यात मिसळून जातो आणि आवाजाची ती लाटेसारखी थरथर थांबते. म चढा लागत असेल तर छिद्र जास्त उघडलंय. नवशिक्यांचा म बहुधा चढाच असतो, तीव्र म कडे झुकलेला. अशा वेळी फुंक कमी करून तो उतरवण्याचा मोह होतो. तसं करू नका, बोटाचाच कल कमी करा, नाहीतर आवाज म ला येऊन दरवेळी बारीक होईल.

बोट कलतं करताना बासरी हातातून सुटेलसं वाटतं, कारण बाकीची पाचही बोटं वर असतात. बासरी तेव्हा पाच ठिकाणी टेकलेली हवी: खालचा ओठ, डाव्या तर्जनीचं मूळ, दोन्ही अंगठे, आणि उजवी करंगळी. या पाचांच्या भरवशावर सहाही बोटं उघडून बासरी स्थिर धरता येते का, हे न वाजवता करून पाहा. धरता येत नसेल तर म कधीच स्थिर लागणार नाही.

आता सांधा

म वरून प वर थेट जाऊ नका. सोप्या उडीपासून कठीण उडीकडे जायचं. सा वरून प ला तीन बोटं खाली पडतात. रे वरून चार. ग वरून पाच. म वरून साडेपाच. म्हणून क्रम असा: सा–प, रे–प, ग–प आणि शेवटी म–प. प्रत्येक जोडी दोन्ही दिशांनी, प्रत्येक स्वर चार मात्रा, एका बैठकीत प्रत्येकी पाच मिनिटं. सा–प साफ झाल्याशिवाय रे–प ला हात लावू नका. ग–प साफ झाला की तुमच्या हातात भूप रागाचे पाचही स्वर आलेले असतात, सा रे ग प ध, म आणि नी दोन्ही वर्ज्य. म कच्चा असतानाही सुरेल काहीतरी वाजवता येतं ते यामुळे. बासरीवर पहिला राग म्हणून भूप देतात तो मला म्हणूनच योग्य वाटतो.

म–प च्या चुका तीन प्रकारच्या, आणि तिन्ही कानाला वेगवेगळ्या ऐकू येतात.

बोटं एकाच वेळी न पडता मागेपुढे पडली तर मध्ये ग-रे-सा ची घसरगुंडी ऐकू येते. याला फुंकेचा सराव उपयोगी नाही. बासरी ओठांपासून बाजूला घ्या आणि न फुंकता म च्या बोटांवरून प च्या बोटांवर या. सहाही पेरं एकदम पडली तर नळीतून एकच ‘टप्’ आवाज येतो, आणि त्याला स्वर असतो. मागेपुढे पडली तर ‘टरप्’ असं काहीतरी येतं. एकच ‘टप्’ येईपर्यंत न फुंकता करत राहा. ही कसरत टीव्हीसमोर बसूनही करता येते, शेजाऱ्यांना त्रास नाही.

फुंक उशिरा बदलली तर प आधी मंद्रात लागतो आणि मग वर चढतो. फुंक आधीच बदलली तर म फाटतो किंवा चढतो. दोन्हींवर उपाय एकच, मध्ये जागा सोडणं. ‘तू’ म्हणून म, मग पूर्ण थांबा. त्या शांततेत बोटं ठेवा, ओठ प च्या जागी न्या. मग ‘तू’ म्हणून प. सुरुवातीला मधली शांतता दोन मात्रांची असू द्या. मग एक मात्रा, मग अर्धी. ती जागा कमी होत होत शेवटी दोन ‘तू’ एकमेकांना लागून येतात. त्यानंतरच दुसरा ‘तू’ काढून टाका आणि एका फुंकेत म–प जोडा. हे आठवड्याच्या आत होण्याची अपेक्षा ठेवू नका.

उतरताना, प वरून म वर, अडचण उलटी होते. बोटं पटकन उचलली जातात, पण फुंक वरच्या सप्तकाचीच राहते आणि म ऐवजी कर्कश किंकाळी निघते. बोटं उचलण्याच्या क्षणी ओठ सैल सोडायचे. शिवाय सगळी बोटं उचलताना तर्जनीही त्यांच्याबरोबर पूर्ण उचलली जाते आणि तीव्र म लागतो. म्हणून उतरण्याचा सराव करताना लक्ष फक्त तर्जनीवर ठेवा, बाकीची पाच आपोआप उठतात.

रोज ४० मिनिटं मिळत असतील तर अशी वाटणी करा: १० मिनिटं लांब स्वर, ५ मिनिटं मंद्र प ध नी सा, १५ मिनिटं सांध्याच्या जोड्या, उरलेली १० मिनिटं सलग सप्तक आणि अलंकार, म्हणजे ठरावीक क्रमाने वाजवायचे स्वरांचे तुकडे (पलटे). तासभर एकदम वाजवण्यापेक्षा वीस-वीस मिनिटं दोनदा वाजवलेलं बरं. ओठांचे स्नायू दमले की फुंक पसरते, आणि पसरलेल्या फुंकेने केलेला सराव चुकाच पक्क्या करतो.

अलंकारांत सारेग, रेगम, गमप, मपध हा तीन स्वरांचा पलटा घ्या. त्यातले गमप आणि मपध हे दोन तुकडे सांध्यावर येतात. पूर्ण पलटा एकदा वाजवला तर हे दोन तुकडे वेगळे काढून पाच वेळा वाजवा. लय ६० वरून वाढवायची ती चार-चारने, आणि सलग तीन वेळा बिनचूक झाल्यावरच. बाकीचे पलटे कुठल्याही प्रारंभिक पुस्तकात मिळतील.

सूर तपासताना

गोव्यात पुष्कळ घरांत बासरीच्या आधी हार्मोनियम किंवा कीबोर्ड आलेला असतो, आणि मुलांना गळ्याने सरगम म्हणता येत असते. हा मोठा फायदा आहे. प्रत्येक स्वर आधी गळ्यातून काढा, मग वाजवा. पांढरी पाचच्या बासरीचं सप्तक कीबोर्डवर तपासायचं तर पांढरी पाच, सहा, सात, मग पुढच्या सप्तकातली पांढरी एक, दोन, तीन, आणि नी ला काळी तीन. पाश्चात्त्य संगीत शिकणारी मुलं याला जी मेजर म्हणून ओळखतील.

पण कीबोर्ड किंवा ट्यूनर हा शेवटचा निवाडा नव्हे. सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग. तानपुऱ्याशी मिसळणारा शुद्ध ग कीबोर्डच्या ग पेक्षा सुमारे १४ सेंट उतरा असतो, ध १६ सेंट आणि नी १२ सेंट उतरा. प दोन सेंट चढा आणि म दोन सेंट उतरा, हे जाणवतही नाही. ट्यूनरचा काटा ग ला मध्यावर आणून ठेवला तर तो ग तानपुऱ्यात खटकेल. ट्यूनरचा उपयोग सा आणि प पुरता करा, बाकीचे स्वर तानपुऱ्यावर सोपवा.

बासरी थंड असताना उतरी लागते. हवेचं तापमान एका अंशाने वाढलं की स्वर साधारण तीन सेंट चढतो. बाहेरच्या ३२ अंशांतून २२ अंशांच्या वातानुकूलित खोलीत गेलात तर हिशेबाने ३० सेंटचा फरक पडतो. फुंकेच्या उष्णतेने त्यातला काही भाग भरून निघतो, म्हणून ट्यूनर लावण्याआधी पाच मिनिटं वाजवून घ्या. ओठाने छिद्र जास्त झाकलं तर स्वर उतरतो, कमी झाकलं तर चढतो. थोडा फरक एवढ्यानेच दुरुस्त होतो.

पावसाळा

जून ते सप्टेंबर आपल्याकडे कपाटातल्या चपलांना बुरशी येते, मग आतून ओल्या बासरीला येणारच. वाजवून झाल्यावर काठीला सुती फडकं गुंडाळून नळी आतून पुसा आणि तासभर उघड्यावर राहू द्या, मग कापडी पिशवीत ठेवा. प्लॅस्टिकच्या पिशवीत किंवा प्लॅस्टिकच्या नळीत बंद केली की ओल आतच कोंडते. बुरशीचे ठिपके दिसलेच तर कोरड्या फडक्याने पुसा, उन्हात टाकू नका. ओला बांबू एकदम तापला की उभा चिरतो. गाडीत काचा बंद करून ठेवलेल्या बासरीचं एप्रिल-मे मध्ये हेच होतं. नळीवरचा दोऱ्याचा गुंडाळा चीर रोखण्यासाठीच असतो. तो सैल झाला तर नव्याने गुंडाळून घ्या.

वर्षातून दोनदा, पावसाआधी आणि पावसानंतर, आतून मोहरीचं किंवा बदामाचं तेल अगदी पातळ लावा, रात्रभर मुरू द्या, सकाळी पुसून घ्या. खोबरेल घरात असतं म्हणून लावलं जातं, पण डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे ते घट्ट होऊन छिद्रांच्या काठांशी साचतं.

कुणाबरोबर वाजवायचं तर

सप्तक सलग येऊ लागलं की देवळातल्या भजनात साथ करावीशी वाटते. तेव्हा आधी हार्मोनियमवाल्याला पट्टी विचारा. पुरुष गायकांची पट्टी बहुधा काळी एक ते पांढरी दोनच्या आसपास असते, बायकांची काळी चार-पाचच्या. पांढरी पाचच्या बासरीवर काळी एक हा सा धरला तर तो तीव्र म च्या जागी येतो आणि आत्ताच शिकलेली सगळी बोटं निरुपयोगी ठरतात. त्या पट्टीची दुसरी बासरी घ्यावी लागेल. पांढरी दोनला मात्र एक सोय आहे. तुमच्या बासरीचा प हाच गाणाऱ्याचा सा. तेव्हा सहाही छिद्रं झाकून सा, १ ते ५ झाकून रे, १ ते ४ झाकून ग, १ ते ३ झाकून म, १ आणि २ झाकून प, फक्त १ झाकून ध, आणि सगळं उघडून नी. यात अर्धं छिद्र कुठेच लागत नाही, आणि सांधा सरकून नी आणि तार सा यांच्यामध्ये जातो. बोटांचा हा दुसरा नकाशा पहिला पक्का झाल्यावरच हाती घ्या, नाहीतर दोन्ही एकमेकांत मिसळतात.

चवथीच्या आरतीत घुमट, शामेळ आणि कासाळे या वाद्यांपुढे बासरी ऐकू येत नाही. ऐकू यावी म्हणून जोराने फुंकलं की स्वर चढतो, आणि आठवडाभर सांभाळलेली फुंक एका रात्रीत पसरते. आरतीला टाळ्या वाजवा, आणि बासरी काढायचीच असेल तर नंतरच्या भजनात, हार्मोनियमच्या शेजारी बसून काढा.